सोळावा गडी

विथसी गावाची जमीन सात आठवडे गोठलेली होती. नांगर शिरत नव्हता, चर खणायला जावं तर कुदळ उसळून अंगावर येत होती, आणि गावातले सगळे मजूर घरी बसले होते. काम नाही तर मजुरी नाही, शेतमालकांचं गणित एवढं साधं. दलदल उपसून शेतं केलेल्या त्या मुलखात अशा थंडीत गरिबाला एकच आशा असे, बर्फावरची स्केट्सची शर्यत. जिंकणाऱ्याला मेंढीची अख्खी तंगडी आणि पिठाचं पोतं.

जेबेझ कटलॅकला ती तंगडी हवीच होती. त्याची सहा वर्षांची एफी आठ दिवस तापाने अंथरुणाला खिळलेली होती. सुईण तिला बघून गेली आणि दारात थांबून म्हणाली, "औषधाचं काम नाही हे. मटणाचं कढण पोटात जायला हवं, आणि तेही लवकर." घरात उकडलेल्या सलगमाचं पाणी होतं, तेही तळाला लागलं होतं.

शनिवारी सकाळी धुकं होतं. नदीच्या दोन बांधांमधल्या सखल कुरणात पाणी शिरून गोठलं होतं. आजोबांच्या वेळी तिथे मोठं तळं होतं, पुढे ते उपसून कुरण केलेलं. बर्फ झाडून शेजारी शेजारी दोन वाटा केल्या होत्या, अर्ध्या मैलावर प्रत्येक वाटेच्या टोकाला एक पिंप. दोघादोघांनी पळायचं, पिंपाला वळसा घालून परत यायचं, जिंकेल तो पुढच्या फेरीत. सुरुवातीच्या खांबावर लोखंडी आकड्याला तंगडी टांगलेली होती, आणि झाडून सगळं गाव तिच्याकडे बघत होतं.

नावं सोळा लिहिलेली होती, आले पंधरा. एकजण शहरातल्या मोठ्या शर्यतीला पळाला होता.

"एकाला एकट्यालाच सोडू, त्यात काय," निशाणवाला लोहार सेचेल म्हणाला.

"सोडू नका," म्हातारा इनॉक म्हणाला. भरलेलं तळं पाहिलेला गावात तेवढा एकच उरला होता. "दुसऱ्या वाटेवर कुणीतरी उभं करा. बाई चालेल, कुत्रं चालेल. वाट रिकामी ठेवू नका."

"का हो काका, वाटेला एकटीला भीती वाटते?" सेचेल म्हणाला, आणि उपाशी माणसंसुद्धा हसली.

पाद्री लँग्रिज मात्र खूश झाले. दोन वर्षं ते या गावाचा इतिहास लिहीत होते. चर्चच्या पेटीतली एकूण एक वही त्यांनी वाचली होती, आणि सापडलेलं कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"अरे, हे तर चर्चच्या वहीत आहे! सतराशे चाळीसची थंडी. तेव्हाही पंधराच होते. सोळाव्या जागी लिहिलंय, 'तळ्याचा गडी'. आणि गंमत म्हणजे जिंकला तोच!" असं म्हणून त्यांनी पेन्सिल काढली आणि न आलेल्याचं नाव खोडून यादीत सोळावा म्हणून 'तळ्याचा गडी' लिहून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"त्याच्या पुढचं वाचलंत का साहेब?" इनॉकने विचारलं.

"पुढे काही नाहीच."

"नसणारच. पुरायला काही मिळालं तर पुरल्याची नोंद होणार."

पाद्री हसले. चिठ्ठ्या टाकल्या, आणि सोळाव्याशी जोडी जेबेझची आली.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! पहिली फेरी आयती पदरात पडली होती. "सासुरवाडीला निघाल्यासारखा जा लेका," सेचेल म्हणाला. इनॉकने तेवढी त्याची बाही धरली.

"जेबेझ, जीव तोडून पळ. रमतगमत जाऊ नकोस."

"काका, कालपासून पोटात अन्न नाही. आहे तो जोर पुढच्या फेऱ्यांना ठेवतो."

इनॉकने बाही सोडून दिली.

निशाण पडलं. जेबेझ सावकाश निघाला. लांब, संथ पावलं टाकत तो एफीचा विचार करत होता. पिंप अजून धुक्यात होतं, तेव्हा त्याला दुसरा आवाज ऐकू आला. लोखंड बर्फावर घासल्याचा, त्याच्याहून लांब पावलांचा. त्याने पाऊल थांबवून नुसतं घरंगळू दिलं. आवाज थांबला नाही.

त्याने शेजारच्या वाटेकडे पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं. काळ्या बर्फावर एक पांढरी रेघ मात्र ओढली जात होती, आधी डावीकडे, मग उजवीकडे. एवढ्या थंडीत त्याला भर उन्हाळ्यातल्या चिखलाचा, कुजलेल्या बोरूचा वास आला.

ती रेघ पिंपाला सफाईने वळली. त्याच्या आधी वळली.

मग जेबेझ पळाला. त्याने राखून ठेवलेला जोर काढला, नसलेला काढला. छातीत कळ आली, डोळ्यांतलं पाणी गालावर गोठलं. "एफी, एफी," तो मोठ्याने म्हणत होता.

रेघ दोन हात पुढेच राहिली.

सेचेलने जिंकल्याचं निशाण टाकलं ते रिकाम्या वाटेवर. मग तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. "मी नाही टाकलं," तो म्हणाला. "देवाशप्पथ, हात आपोआप गेला."

"मूर्खपणा आहे हा," पाद्री म्हणाले, पण त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. "जेबेझ पुढच्या फेरीत गेला. चला, पुढची जोडी."

पुढच्या जोडीने खाली बसून स्केट्स सोडायला सुरुवात केली होती. मग बाकीच्यांनीही सोडल्या. त्या वाटेवर उतरायला कुणी तयार होईना.

"मग तंगडी मला द्या!" जेबेझ ओरडला. "पोरगी मरतेय माझी!"

"जिंकली त्याची आहे ती," इनॉक खाली मान घालून म्हणाला. "हात लावू नकोस, बाबा."

"सोमवारी पुन्हा शर्यत घेऊ," असं काहीतरी पाद्री पुटपुटले. पाच मिनिटांत बांधावर कुणी उरलं नाही. तंगडी खांबावर तशीच होती, पोतं खाली होतं.

जेबेझला रिकाम्या हाताने घरी जाववेना; दोन तास बांधाबांधाने भटकून तो परत फिरला. भूत असो की सैतान, एफीच्या पोटात कढण जायलाच हवं होतं. पण खांबापाशी पोचला तर आकडा रिकामा होता. पोतं जागच्या जागी. त्याने त्या आकड्याला चार शिव्या घातल्या, पोतं खांद्यावर मारलं आणि रडत घरी आला.

दारातच मटण शिजल्याचा वास आला.

"जिंकलास ना!" त्याची बायको केझिया धावत पुढे आली. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. "त्या माणसाबरोबर तंगडी पाठवलीस तेव्हाच मी ओळखलं."

"कुठला माणूस?"

"अरे, शर्यतीतलाच की. पायाला स्केट्स होत्या, अंगावरून पाणी गळत होतं. तोंडातून शब्द नाही. मी तुकडे करून कढण केलं, तर एफी ते पिईपर्यंत कोपऱ्यात उभा राहिला. वाडगाभर प्यायली रे! अख्खा वाडगा!"

जेबेझने पलंगाकडे पाहिलं. गोधडी नीट घडी करून ठेवलेली होती.

"एफी कुठाय?"

"त्याने हात पुढे केला, आणि उठली की रे ती! आठ दिवस मान उचलली नव्हती पोरीने, ती आपल्या पायांनी चालायला लागली. 'बाबांना आणायला जाते' म्हणाली. मी शाल घ्यायला आत वळले, तोवर दोघं बांधावर पोचलेसुद्धा." केझियाचं हसू विरत गेलं. "तुला वाटेत दिसली नाही?"

जेबेझने कुऱ्हाड उचलली आणि धावत सुटला.

कुरणावर पांढरं धुकं होतं. माणूस दिसत नव्हता. तो हाका मारत राहिला.

मग एफी हसली. ताप येण्याआधी हसायची तशीच, खळखळून.

तो आवाजाकडे धावला. हसणं त्याच्या पायाखालून पुढे सरकलं.

तो गुडघ्यांवर पडला आणि बर्फावर घाव घालत सुटला. हातभर खोल गेल्यावर कुऱ्हाडीला गवत लागलं. पाणी नव्हतंच. कुरण पार मुळापर्यंत गोठलेलं होतं.

त्याने त्या गवतावर कान टेकवला.

"बाबा," एफी म्हणाली, "किती हळू येता हो तुम्ही!"