धाकट्याने उचललेला वाटा

“हा वाटा माझा!”

खंडेरावाने बोट दाखवले ते पडवीतल्या मेजावर मांडलेल्या आगगाडीकडे, आणि येसूबाईच्या काळजात चर्र झाले... असे कसे झाले? असे व्हायचेच नव्हते! चार दिवस डोक्याला हात लावून तिने वाटे घातले होते ते एवढ्यासाठीच, की हा वाटा कोणी शुद्धीवरचा माणूस उचलणार नाही. आणि तोच वाटा तिच्या दिराने झडप घालून उचलला होता.

माकुणसारात रीतच तशी. भाऊ वेगळे निघाले की थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे थोरल्याला लबाडी करायला जागा राहत नाही. थोरले पुंडलिकभाऊ जाऊन सतरा दिवस झाले होते, पोटी मूलबाळ नव्हते, म्हणून वाटे घालण्याचे काम त्यांच्या विधवेवर, येसूबाईवर आले. एका वाट्यात तिने राहते घर, गोड्या विहिरीवरची पानवेलींची वाडी आणि नारळाची बावीस झाडे ठेवली. दुसऱ्यात ठेवला मागचा गोठा, खाडीकडची खारट पाण्याची पट्टी, आणि पडवीतली आगगाडी. भाऊबंदांतले चिंधूकाका मध्यस्थ म्हणून बसले होते. वाटे ऐकून त्यांच्या हातातला अडकित्ता थांबला.

“येसू, वाटे सारखे घालायचे असतात गो! हा तर हत्ती नि उंदीर झाला.”

“इचार करूनच घातलेत काका. त्याने उचलावा.”

सगळे चांगले खंडेरावाला जावे आणि आगगाडी तेवढी आपल्याकडे राहावी, एवढाच त्या बाईचा हिशेब होता. गोठ्यात राहू, खारट पट्टीत जे पिकेल ते खाऊ, पण ह्यांच्या हातची ती गाडी डोळ्यांसमोर राहील... आता तो हिशेब तिच्याच अंगावर उलटला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काही खोटे नाही.

“अवो, डोस्कं फिरलं काय तुमचं?” खंडेरावाची बायको पुष्पलता दारातूनच ओरडली. “घर सोडून गोठा उचलता?”

“गोठा नाय उचलला. हे उचललं,” खंडेराव म्हणाला आणि त्याने आगगाडीच्या मेजावर थाप मारली, तशी सफाळ्याच्या ठेसनाची पाटी आडवी झाली. “आता हे माझं हाय ना काका? माझ्या वस्तूचं मी काय पन करीन ना?”

“तुझं. पण करशील काय?”

“जाळीन!”

एवढे बोलून तो राकेलची बाटली आणि कोयता आणायला आत गेला.

काय होते त्या मेजावर? पाहणाऱ्याला म्हटले तर खेळणे, आणि येसूबाईला म्हटले तर एका माणसाचा अवघा अंतरात्मा! पुंडलिकभाऊ पानांच्या करंड्या घेऊन रोज केळवे रोड ठेसनावर जात. करंड्या गाडीत चढल्या तरी हा गृहस्थ फलाटावर उभाच! आणि घरी येऊन जे पाहिले ते करायला बसायचा. राकेलच्या डब्याचा पत्रा कापून डबे केले, दोऱ्याच्या रिकाम्या रिळांच्या चकत्या करून चाके केली, मोडक्या घड्याळाची कमान इंजिनाच्या पोटात बसवली, आणि छत्रीच्या काड्यांचा वैतरणेचा पूल उभा केला. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर... सगळी ठेसने त्यांच्या हातच्या अक्षरांत. गावातली माणसे येता-जाता चेष्टा करीत, “पुंडलिकभाऊ, बोईसरचं एक तिकीट द्या!” आणि ते हसून म्हणत, “बसा, गाडी लेट हाय.”

एकटा खंडेराव कधी हसला नाही. बारा वर्षे तो त्या मेजाकडे पाठ करून पडवीतून गेला आणि आला.

त्याचेही चुकत नव्हते हो! पंचावन्न साली, एकोणीस वर्षांचा असताना त्याने रेल्वेत फायरमनच्या जागेसाठी अर्ज केला होता. पोराला दुसरा ध्यास नव्हता. इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायचा, आणि पुढे कधीतरी ड्रायव्हर व्हायचे. बलसाडला हजर राहण्याचे पत्र आले आणि त्याच्या हाती पडलेच नाही. बरोबर अर्ज केलेला उमरोळीचा जोडीदार नोकरीवर लागला आणि गणवेश दाखवायला आला, तेव्हा कळले की पत्र दोघांनाही एकाच दिवशी निघाले होते. खंडेरावाने घरात येऊन विचारले, “माझा कागद कुठं हाय?” आणि पुंडलिकभाऊ हातातली पाने खाली न ठेवता म्हणाले, “मी चुलीत घातला. वाडी कोण बगेल?”

त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही. आणि त्याच वर्षी पुंडलिकभाऊंनी आगगाडी करायला घेतली! म्हणजे ज्याने आपली गाडी जाळली तोच आता आपल्या नाकासमोर गाडीगाडी खेळतो... जखमेवर मीठ चोळणे ह्याहून वेगळे काय असते? खंडेरावाने वेगळे निघायचा धोशा लावला, पण “मी हाय तवर वाटे होनार नाय,” हे भावाचे उत्तर पुष्पलतेमार्फत यायचे. हल्ली तो बोईसरला, अणुवीजघराच्या बांधकामावर फिटरच्या हाताखाली जात असे. सकाळी जायचा, दिवेलागणीला यायचा, आणि मेजाकडे पाठ. भावाच्या चितेला अग्नीसुद्धा त्याने दिला तो दातओठ खात.

तो कोयता घेऊन बाहेर आला. पहिला घाव वैतरणेच्या पुलावर बसला. छत्रीच्या काड्या तडतडत उडाल्या आणि त्यातली एक येसूबाईच्या पायाशी येऊन पडली.

“खंडू...”

“तू मधी येऊ नको वयनी! तुझ्यावर माझा राग नाय. तू मला आईच्या जागी. पन त्याचं नाव घेऊ नको!”

आईच्या जागी!  जे सत्य आजवर येसूबाईने, तिच्या नवऱ्याने आणि चुलीने एवढ्या तिघांनीच जाणले होते, ते सत्य त्या शब्दांखाली दबून होते. पत्र पुंडलिकभाऊंनी जाळलेच नव्हते. ते तिने जाळले होते... तिने, येसूबाईने!

चार वर्षांचा पोरका दीर तिच्या पदरात पडला तेव्हा ती स्वतः सोळा वर्षांची होती. त्याला तिने न्हाऊमाखू घातले, देवीच्या आजारात एकवीस दिवस मांडीवर धरून ठेवले. स्वतःची कूस उजवली नाही, त्याचे दुःख तिला ह्या पोरापायी कधी जाणवले नाही. आणि एक दिवस खाकी पाकिटातून एक कागद आला की त्याला बलसाडला पाठवा! धगधगत्या भट्टीसमोर, धावत्या इंजिनावर... तिने कोणाला विचारले नाही. चूल पेटलेली होती.

संध्याकाळी तिने रडत रडत नवऱ्याला सांगितले होते.  आणि दोन महिन्यांनी खंडेराव विचारायला आला, तेव्हा तिने तोंड उघडण्याआधीच त्यांनी ते पाप आपल्या अंगावर ओढून घेतले.

आता बोलले नाही तर? मेज जळेल, त्याबरोबर हे गुपितही जळेल, आणि खंडू आपलाच राहील... हा विचार तिच्या मनात आला, खोटे कशाला सांगा! क्षणभर तो तिला गोडही वाटला. खंडेरावाने बाटलीचे बूच दाताने काढले आणि राकेलचा उग्र दर्प पडवीत पसरला. त्याने पालघरच्या फलाटावर पहिली धार धरली. त्या फलाटाचा कठडा पुंडलिकभाऊंनी महिनाभर बसून चाकूने कोरला होता, आणि शेवटी शेवटी हात थरथरू लागले तेव्हा येसूबाईने कंदील धरला होता.

“थांब! कागद मी जाळला!”

बाटली हातातच राहिली.

“काय बोललीस?”

“मी जाळला रे... तुझ्या दादांनी नाय. मी! तू गेला असतास तर मी जगले नसते, म्हणून जाळला. ते त्या दिवशी घरात पन नव्हते. करंड्या घेऊन ठेसनावर गेले व्हते.”

“खोटं! ही गाडी वाचवायला तू...”

“तुझ्या गळ्याची शपथ! दुसरं कोण हाय मला, ज्याची शपथ घेऊ?”

खंडेरावाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा पडला. चिंधूकाका उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

“दादाला म्हायती व्हतं?”

“पयल्या दिवसापास्नं.”

“मंग बोलला का नाय? बारा वर्सं! मी त्याच्या पाठी काय काय बोललो... आजारात पानी मागायचा तर मी उठून जायचो! का नाय बोलला?”

“मी पाया पडले त्यांच्या, की सांगते म्हणून. ते म्हणाले, त्याला आई नाय. तुझ्यावरचा त्याचा जीव उडाला तर त्याला कोण? भावावरचा राग माणूस पचवतो, आईवरचा नाय पचत.” येसूबाईने मेजाकडे बोट केले. “नि ही गाडी कोणासाठी केली असं वाटतं तुला? तुझ्यासाठी केली! एक दिवस तू राग विसरशील, नि येऊन इंजिनाला हात लावशील, म्हणून रोज संध्याकाळी ती मांडून बसायचे. तू पाठ करून गेलास की कमान सैल करून ठेवायचे.”

ती त्याच्या दिशेने एक पाऊल पुढे गेली. तो दोन पावले मागे सरला.

“जवळ येऊ नका तुमी,” खंडेराव म्हणाला.

तुमी! सत्तावीस वर्षांत त्याने तिला कधी तुमी म्हटले नव्हते. पुंडलिकभाऊंनी बारा वर्षे छातीचा कोट करून जो घाव तिच्यावर येऊ दिला नव्हता, तो अखेर बसला.

चिंधूकाकांनी वाटे पुन्हा घालू म्हणून पाहिले. “उचलला तो उचलला,” एवढेच उत्तर मिळाले. त्याच दिवशी चार माणसे लावून खंडेरावाने मेज गोठ्यात नेले, आणि पुष्पलता आदळआपट करीत भांडीकुंडी घेऊन त्याच्या मागे गेली. येसूबाईने अंगणात आडवे होऊन विनवले, घरात राहा, मी गोठ्यात जाते. “तुमचं घर तुमच्यापाशी,” तो म्हणाला आणि तिला वळसा घालून गेला.

बावीस नारळ, गोडी विहीर, पाच खणांचे घर, आणि बोलायला एक माणूस नाही. येसूबाई पाने खुडत होती, करंड्या भरत होती आणि स्वतःला बजावत होती, की हे तुला मिळायलाच हवे होते, बारा वर्षे उशिरा मिळाले इतकेच. पुष्पलता विहिरीवर भेटली तर घागर आपटून जायची. असे साडेतीन आठवडे गेले.

एका रविवारी दुपारी ती वाडीत असताना गोठ्यातून आवाज येऊ लागला. आधी चाकांची खडखड, आणि मग पत्रा पडल्याचा खणकन आवाज. पुन्हा खडखड, पुन्हा खणकन. तिला बरोबर कळले की गाडी वैतरणेच्या पुलावर पडते आहे. तोडलेला पूल त्याने बांधला होता तर! जावे का? जीव ओढत होता आणि पाय उचलत नव्हता. सातव्यांदा पत्रा पडला, आणि गोठ्यातून रागाने किंचाळल्यासारखी हाक आली.

“वयनी!”

हातातली पाने तशीच टाकून ती धावली.

खंडेराव मेजापाशी उकिडवा बसला होता, हाताला काड्या लागून रक्त आले होते. त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

“पुलावरनं जात नाय. दादा कशी न्यायचा?”

“तू कमानीला पिळे किती देतोस?”

“बसतील तितके.”

“तीनच द्यायचे,” येसूबाई हळूच म्हणाली. “चौथा दिला की जोरात जाते नि उडते. तीन दिले की पुलावर हळू होते.”

त्याने तीन पिळे दिले. गाडी निघाली. छत्रीच्या काड्यांवरून ती लडबडत, पण सरळ गेली. सफाळे गेले, केळवे रोड गेले, राकेलने काळवंडलेले पालघर गेले, उमरोळी गेली, आणि बोईसरच्या पाटीपाशी ती आपोआप थांबली. खंडेराव थांबलेल्या इंजिनाकडे बघत राहिला आणि अचानक हुंदका फुटून गदगदा रडू लागला.

“तीनच! बारा वर्सं भिंतीपल्याडनं ऐकलं, नि मला एवढं पन म्हायती नाय... माझा भाऊ कसा व्हता ते मला म्हायती नाय!”

“खंडू, मला माफ...”

“माफी मागू नको!” तो उसळून ओरडला. “ती मी देनार नाय. दादासारखं मोठं मन मला नाय. मी तुझ्यावर रागवेन, ओरडेन, जल्मभर ओरडेन! पन त्याची बारा वर्सं तू चोरलीस ना माझी? ती दे मला. तो काय बोलायचा, काय खायचा, कशाला हसायचा, सगळं सांग. रोज हितं ये नि सांग. आता बस.”

पुष्पलतेने कोपऱ्यातला पाट पायाने पुढे सरकवला. येसूबाई त्यावर बसली. कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना, आणि डोळ्यांतले पाणी काही केल्या थांबेना.

“तू पयल्यांदा बोईसरला कामाला निघालास ना,” ती म्हणाली, “त्या दिवशी तुझे दादा वाडीत गेलेच नाय. तुझ्या मागनं ठेसनावर गेले. तुला दिसू नये म्हणून करंड्यांच्या आड बसले. घरी आले नि मला म्हणाले, त्याला खिडकीपाशी जागा मिळाली.”

खंडेरावाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले. मग त्याने हात खाली घेतले.

“पुढं?” तो म्हणाला.