डावा तीर

“पट्टी मी हलवलेली नाही,” इंजिनियर बाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या. “उद्या लवादापुढे माझी शपथेवर साक्ष आहे. खोटी ठरले तर नोकरी जाईल आणि नदीच्या पाण्यावरचा आमच्या राज्याचा दावाही बुडेल.”

वहिनींनी चष्मा पुसला. खाजगी तपासाचा धंदा त्यांचा. धाकटे दीर नुसते सोबतीला.

“कसली पट्टी?” भाऊजींनी विचारलं.

“पाण्याची उंची मोजायची. धरणाखालच्या पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक आहे, कुलपात. उजव्या तीरावरची कोणीतरी वीतभर वर सरकवली. पट्टी वर गेली की पाणी कमी दिसतं. खाली पाणी कमी येतं हा दावा आमचाच, म्हणून संशय माझ्यावर.”

“किल्ल्या कोणाकडे?”

“माझ्याकडे, धरणाचं पाणी सोडणाऱ्या वरच्या राज्याच्या इंजिनियरकडे आणि आमच्या वकिलांकडे.”

दुपारी सगळे पुलावर जमले.

वरच्या राज्याचा इंजिनियर फटकळ होता. “उजवी पट्टी हलवून मला काय मिळणार? आणि बाई भांडखोर आहेत, लबाड नाहीत.”

वकीलसाहेब धरणाकडे तोंड करून उभे होते. “लवाद डावी पट्टी धरतो. हलवली तीही नेमकी डावीच!” त्यांनी डावा हात केला. “आम्हाला बदनाम करायला या वरच्या राज्यानेच.”

“वहिनी,” भाऊजी कुजबुजले, “दोघं उजवी म्हणतात, हे डावी. खोटं कोण बोलतंय?”

“यात तरी कोणीच नाही.” मग त्या मोठ्याने म्हणाल्या, “सगळेच जरा डाव्या तीरावर जाऊन उभे राहा.”

दोघे इंजिनियर तावातावाने भांडत एका टोकाला गेले. वकीलसाहेब एकटेच दुसऱ्या टोकाला, सरकवलेल्या पट्टीपाशी.

“नदी वाहते तिकडे तोंड केल्यावर डाव्या हाताला येतो तो डावा तीर,” वहिनी म्हणाल्या. “इंजिनियर झोपेतही चुकणार नाही. लवाद बघतो ती पट्टी जागेवरच आहे. हलली ती बिनकामाची. हलवणाऱ्याने डावा तीर आपल्या हातावरून ठरवला. वकीलसाहेब, कुंपणानेच शेत खाल्लं.”

वकिलांचा चेहरा उतरला. “दावा जिंकावा म्हणून... बाई, तुमच्यासाठीच केलं.”

“पाणी आम्हाला कमीच मिळतं,” बाई म्हणाल्या. “खऱ्याला तुमचा टेकू कशाला हवा होता? उद्या साक्षीत हेही सांगेन.”

“सांगा,” वरचा इंजिनियर म्हणाला. “डाव्या पट्टीचे तुमचे आकडे बरोबर आहेत, हे मी सांगतो. भांडण मात्र चालूच.”

“चालूच!” बाई पहिल्यांदा हसल्या.

“मी बरोबर उभा होतो ना, वहिनी?”

“तुम्ही हललात कुठे, भाऊजी? पुलाच्या मधोमध!”