हादरांक चार

सकाळी सात वाजता रोहिणी पाटणकरांनी कोमट दुधाला विरजण लावलं, डबा ‘ऐरावत’च्या शेवटच्या रांगेतल्या आसनावर ठेवला आणि गाडी बारा वाजेपर्यंत कऱ्हाडच्या रस्त्यांवरून फिरवायला सांगितली. दुपारी झाकण उघडलं तेव्हा आत कवड्या दही होतं. वर भेग नव्हती, कडेला पाणी सुटलं नव्हतं.

"आई, मग घ्यायची ना?" सून ओवी म्हणाली. सात आसनं, पाय पसरायला जागा, पोरांच्या खाऊसाठी थंड कप्पा. तिचा जीव त्या गाडीत अडकला होता.

"थांब. दही लागलं म्हणजे जेवण झालं नाही."

साल २०६१. रोहिणीताई एकोणऐंशीच्या होत्या आणि त्यातली बत्तीस वर्षं वाहन चाचणी केंद्रात हादरे मोजण्यात गेली होती. गाडी हवी होती ती मात्र अक्कासाठी. अक्का त्यांची थोरली बहीण, वय त्र्याऐंशी, हाडं ठिसूळ. तीन वर्षांपूर्वी गाडी एका खड्ड्यात आदळली आणि अक्काच्या मणक्याला चीर गेली. तेव्हापासून तिनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आता गुहागरला तिच्या नातीला मुलगी झाली होती. बारसं वीस दिवसांवर आलं होतं आणि अक्का रोज एकच विचारत होती, "मला नेताय की नाही?"

डॉक्टरांनी मर्यादा घालून दिली होती : हादरांक चारच्या वर एकही हादरा नको. बसल्या जागी माणसाला लागणाऱ्या धक्क्याचं माप म्हणजे हादरांक. सावकाश चालताना तो एक असतो, जिना उतरताना पायरी चुकली की पाच.

"आजी, ऐरावतमध्ये दीडच्या वर जाणार नाही," कंपनीचा अभियंता अन्वित निकम म्हणाला. "पुढे भूवेधी डोळा आहे. चाक खड्ड्याशी पोचायच्या आधीच गाडीला खोली कळते. मग पूर्वतोल यंत्रणा तेवढंच चाक, तेवढंच खाली सोडते. चाक खड्ड्यात जातं, गाडी जात नाही."

"किती खाली सोडते?"

"अठ्ठावीस सेंटिमीटर."

"आणि एकोणतीसचा खड्डा आला तर?"

अन्वित हसला. "तसले खड्डे तुमच्या काळात होते."

"होते. दोन-तीनांना तर गावानं नावं दिली होती. चला, घाट उतरून बघू."

कोकणात उतरणारा नवा घाट रुंद होता आणि मोठ्या, पूर्वतोल गाड्यांनी भरला होता. उंच आसनावरून, काळसर काचेतून रस्ता नुसता करडा दिसत होता. रोहिणीताईंच्या मांडीवरच्या हादरामापकाचा आकडा एकवर स्थिर होता. ओवी मागच्या रांगेत चक्क झोपली होती.

"बाजूला घे," निम्म्या घाटात रोहिणीताई म्हणाल्या. "गाडी पाहिली. आता रस्ता बघते."

त्या उतरल्या, छत्री टेकवत चार पावलं गेल्या आणि थबकल्या. छत्री खाली गेली ती जातच राहिली. नवा घाट खड्ड्यांनी चाळण झाला होता. त्यांनी एक खड्डा मोजला : सव्वीस. दुसरा : साडेसव्वीस.

"अन्वित, या रस्त्याची हादरा-नोंद काढ."

त्यानं नोंद काढली आणि गोंधळून वाचली. "तीन वर्षांत एकही हादरा नाही. राज्यातल्या उत्तम रस्त्यांत याचा क्रमांक दुसरा."

रोहिणीताई कठड्यावर बसल्या. "हादरा तिथे डांबर. हा नियम कोणी केला माहीत आहे?"

"शाळेत होता आम्हाला. प्रत्येक गाडी आपले हादरे कळवते, त्या जागी डांबरयंत्र आपोआप जातं. कोणी केला ते नव्हतं."

"मी केला. तीस वर्षांपूर्वी. मोजमाप चाकावर करायचं की आसनावर, यावर बैठकीत दिवसभर भांडण झालं. मी म्हटलं, खड्ड्याचं काय घेऊन बसलात, माणसाला काय लागतं ते मोजा. टाळ्या पडल्या होत्या." त्यांनी छत्रीचं टोक पुसलं. "आता तुमच्या गाडीत माणसाला काही लागतच नाही. म्हणून इकडे डांबर येत नाही."

ओवी डोळे चोळत खाली उतरली होती. "पण आई, आपल्याला लागत नाही ना? मग झालं."

"आज सव्वीस आहे. वीस दिवसांत एकोणतीस होईल. त्या दिवशी गाडी पहिल्यांदा आदळेल, आणि चांगलीच आदळेल."

"मग नोंद जाईल, यंत्र येईल," अन्वित म्हणाला.

"येईल की. पण तो पहिला हादरा कोणाला तरी बसायला हवा. तो अक्काच्या मणक्याला नको."

मग रोहिणीताईंनी विचारलं, "कोकणात उतरणाऱ्या रस्त्यांत सगळ्यांत जास्त हादऱ्यांची नोंद कुठली आहे?"

"जुना घाट. दुधाचे टेम्पो आणि वडाप." वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी भाड्याची जीप. ती आता बॅटरीवर चालत होती, पण कोंबणं तसंच होतं. अन्वितनं पुढचा रकाना वाचला आणि त्याचा आवाज उतरला. "दर आठवड्याला डांबर पडतं तिथे."

"मग ऐरावत तिकडून नेऊ," ओवी म्हणाली.

"बसणार नाही," रोहिणीताई म्हणाल्या. "जुन्या घाटाच्या वळणांना अडीच हात कमी पडतात हिला."

"म्हणजे एवढी गाडी बघून शेवटी वडाप?"

"गाडीत खोट नाही ग. खोट माझ्या नियमात आहे. मोजमाप चाकावर करा म्हणून आजच पत्र लिहिते. हा रस्ता नीट झाला की घेऊ गाडी."

"आजी, रस्ता नीट झाला तर ही गाडी घेईल कोण?" अन्वित म्हणाला, आणि ओवीला हसू आवरेना.

रोहिणीताई हादरामापक घेऊन जुन्या घाटातून दोनदा वडापनं जाऊन आल्या. आकडा तीनच्या वर गेला नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी अक्का वडापच्या पुढच्या सीटवर बसली. शेजारी रोहिणीताई, मागे ओवी, दोन पोरं आणि नऊ अनोळखी माणसं. ड्रायव्हरचं निम्मं अंग दाराबाहेर होतं. लहानपणी याच घाटातून जाताना रोहिणी अक्काच्या मांडीवर असायची, आणि समोरच्या दांडीवर कपाळ आपटू नये म्हणून अक्का आपला तळहात मध्ये धरायची. आज रोहिणीताईंनी हात अक्काच्या पाठीमागे घातला होता.

काळाभोर रस्ता चाकांखालून गुळगुळीत सरकत होता. अक्का तीन वर्षांनी झाडं बघत होती आणि प्रत्येकाचं नाव सांगत होती. एका वळणावर जीप जराशी उडाली. मापकावर आकडा आला : दोन.

"लागलं का ग?" रोहिणीताईंनी विचारलं.

"लागलं थोडं."

"बरं झालं," रोहिणीताई म्हणाल्या. "परत येताना नसेल."