चालू ठेवलेला नंबर

"मॅडम, थांबा... गळ्याशी दोरी आहे."

रश्मी जागच्या जागी थांबली. जानेवारी लागला की सुरतेतल्या उधन्याच्या या रस्त्यावर खांबाखांबांत पतंगाची दोरी ताणून तिला रंग चढवतात, हे काय तिला माहीत नव्हतं? लहानपणापासून ती हेच बघत आली होती. पण आज तिचं लक्ष समोरच्या पाटीकडे होतं, आणि पाटी भलतीच होती. जिथे मोबाईलचं दुकान असायला हवं होतं, तिथे 'सुरती मांजा, फिरकी भरून मिळेल' असं लिहिलं होतं.

गुलाबी रंगाने माखलेल्या एका हाताने दोरी वर उचलली. "या आता. जरा वाकून."

ती वाकून पलीकडे गेली आणि हाताच्या मालकाकडे न बघताच म्हणाली, "इथे मोबाईलचं दुकान होतं ना?"

"होतं. मालक गावी निघून गेले. आता संक्रांतीपर्यंत मांजा, मग उन्हाळाभर उसाचा रस. तुम्हाला काय हवं होतं?"

"दुकान नकोय. तिथे काउंटरवर एक मुलगा बसायचा, तो हवाय." बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे... कामासाठी."

"नाव?"

"नाव नाही माहीत. उंच होता. जरा आगाऊच होता. गिऱ्हाइकाने फोन हातात घ्यायच्या आधी हाच त्याच्यात फोटो काढून बघायचा."

"आगाऊ अजून आहे," तो म्हणाला. "फक्त चष्मा लागलाय."

रश्मीने आत्ता कुठे मान वर केली. तोच होता. चष्मा होता, गालावरही गुलाबी रंगाचं बोट उठलं होतं, पण हसू तेच होतं... आधी डोळ्यांत येणारं आणि मग ओठांवर. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"योगेंद्र," तो म्हणाला. "तेव्हा नाव कुणी विचारलं नव्हतं. मी फिरकी भरून घ्यायला आलोय, दुकान सोडून वर्षं झाली. बोला, काय काम?"

काम काय होतं, ते सांगायला रश्मीने दोनदा सुरुवात केली आणि दोनदा सोडली. आपण सरळ सांगू या. तिच्या पर्समध्ये एक फोन होता, तिच्या आप्पांचा. निंबाआप्पा जन्मभर डाईंगच्या मिलमध्ये राबले, निवृत्त झाल्यावर त्यांनी रश्मीला बरोबर नेऊन याच दुकानातून हौसेने हा फोन घेतला आणि दिसेल त्याचा फोटो काढला. गेल्या वर्षी आप्पा गेले. तेव्हापासून फोन प्रमिलाबाईंकडे, म्हणजे रश्मीच्या आईकडे असायचा. तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावला की त्या फोन उघडून बसायच्या. टीव्ही नाही, शेजारीण नाही, तेवढा वेळ त्यांचा आणि आप्पांचा.

मग एके दिवशी फोन कंपनीच्या नावावर येऊन अडकला, पुढे जाईना. रश्मी दिवसभर कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करणारी मुलगी. तिला वाटलं, यात काय मोठंसं? तिने एक व्हिडिओ बघितला, तो सांगत होता ती बटणं दाबून धरली, आणि फोन चालू झाला. अगदी लख्ख, नवाकोरा. आत काहीच नव्हतं. वर तो विचारत होता, आधीचं खातं सांगा, नाहीतर पुढे जाऊ देणार नाही. तिच्या पायाखालची जमीन सरकली. आईला तिने सांगितलं, दुरुस्तीला टाकलाय. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी तिच्या अहिराणीत एवढंच विचारायची, "फोन उना का?" आणि रश्मी रोज म्हणायची, "उद्या येईल."

"ते खातं तुम्ही काढलं होतं," ती म्हणाली. "आम्हाला त्याचं नाव माहीत नाही, पासवर्डही नाही."

योगेंद्रने रंगाचा हात पँटला पुसला आणि फोन घेतला. आप्पा गेले हे ऐकल्यापासून त्याचं हसू मावळलं होतं. "खरं सांगू? फोनमधले फोटो गेले. कुणी काढून देतो म्हणालं तरी विश्वास ठेवू नका. खात्यात चढले असतील तर तेवढेच. चढायचं मी चालू करून दिलं होतं, पण नंतर कुणी बंद केलं असेल तर..." त्याने मान वर केली. "आप्पांचा नंबर चालू आहे?"

"नाही. ते गेल्यावर रिचार्ज करायचं कुणाला सुचलंच नाही. कंपनीने बंद केला."

योगेंद्र हातातला फोन उलटसुलट करत राहिला. दोरीवाला त्याची फिरकी घेऊन समोर उभा राहिला, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"माझं एक जुनं सिम आहे," शेवटी तो म्हणाला. "चलथाणला, नोकरीच्या जागी ठेवलंय. साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर असतो मी. ते चाललं तर बघू. रविवारी आणतो."

"रविवार कशाला? उद्या मीच येते."

"उसाच्या ट्रकांत अंग चिकट होईल तुमचं."

"आईला 'उद्या येईल' सांगून सांगून माझी जीभ चिकट झालीय."

दुसऱ्या दिवशी ती गेली. गळीत हंगाम ऐन भरात होता. रस्त्याच्या कडेला उसाने लादलेले ट्रक रांगेत उभे होते आणि हवेत काकवीचा उग्रगोड वास भरून राहिला होता. काट्याजवळच्या चहाच्या टपरीवर योगेंद्रने खिशातून बटणांचा एक जुना फोन काढला. त्याच्या काचेला तडा होता, पण तो चार्ज केलेला होता.

"आता काय होणार?" रश्मीने विचारलं.

"मी खात्याला सांगणार, माझा नंबर हा. ते या नंबरावर कोड पाठवणार. आला तर दार उघडलं."

"आणि नाही आला तर?"

"तर मी तुमच्याबरोबर घरी येईन. आईला एकटीने सांगू नका."

रश्मीने त्याच्याकडे बघितलं. असं काही तो म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला आणि त्या तडा गेलेल्या फोनकडे बघत बसली.

तो वाजला. योगेंद्रने आकडे वाचले, तिने घातले, आणि आप्पांचं नाव पडद्यावर उमटलं. मग राखाडी चौकोन आले. मग एकेक करून ते भरायला लागले... गच्चीवरचं वाळवण. मिलचं फाटक. घराजवळच्या डिंडोली बाजारातली मेथीची जुडी. झोपलेली रश्मी. आई पाठमोरी, आई रागावलेली, आई हसू दाबताना. शेवटच्या दिवाळीनंतरचे मात्र नव्हते, खात्यातली जागा भरली होती. पण तो व्हिडिओ होता. आईचा सगळ्यात आवडता. त्यात आप्पा गच्चीवर वांगी भाजताना ताठ उभे आहेत, हलत नाहीत, डोळेही मिटत नाहीत, कारण त्यांना वाटतंय फोटो काढताहेत. बराच वेळ तसेच उभे राहून शेवटी ओठ न हलवता, फोटो निघाला का म्हणून विचारतात, "निंघना का?"

रश्मी हसली, आणि हसता हसता टपरीवरच्या चार माणसांसमोर रडायला लागली. योगेंद्रने तिच्याकडे बघितलं नाही. चहावाल्याशी साखरेच्या भावावर त्याने असा वाद घातला, की सगळ्यांच्या नजरा तिकडेच वळल्या.

डोळे पुसून झाल्यावर तिला पहिली शंका आली. बायकांना ती अशीच येते, रडून डोकं साफ झालं की.

"आप्पांच्या खात्यात तुमचा नंबर कसा?"

"त्या दिवशी त्यांचं सिम चालू झालं नव्हतं ना."

"झालं होतं. दुकानातूनच त्यांनी आईला फोन लावला होता. उधन्यात सगळ्यांना ऐकू गेला असेल."

"मग नेटवर्कचं काहीतरी..."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

योगेंद्रने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. "बाकीच्यांच्या फोनात त्यांचाच नंबर टाकायचो," तो म्हणाला. "तुमच्या घरचा तेवढा माझा टाकला. म्हटलं, महिनाभरात लोक पासवर्ड विसरतात. विसरतील, मग इथेच यावं लागेल, आणि आप्पांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणजे बरोबर... कुणीतरी येईल." त्याचे कान लाल झाले होते. "पण फोनने आप्पांना पासवर्ड कधी विचारलाच नाही."

"आणि सिम? ते अजून चालू कसं?"

"रिचार्ज करतो."

"कुणाचे फोन येतात त्याच्यावर?"

"कंपनीचे. रिचार्ज करा म्हणून."

हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आले की रश्मीचा आवाज चढायचा. "म्हणजे आमच्या आप्पांचे, आईचे, माझे फोटो... एवढी वर्षं आमच्या घराची किल्ली तुमच्या खिशात होती."

"होती. एकदाही लावून बघितली नाही. दुसरा नंबर घेतला तेव्हा हे सिम टाकून देणार होतो. मग वाटलं, त्यांचं कधी अडलं तर? म्हणून ठेवलं." त्याने मान हलवली. "नाही, एवढंच नाही. तुमच्यासाठी ठेवलं. आता विचारलंत तर सांगतो."

तिचा विश्वास बसला होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "तुमचा नंबर काढून टाका," ती म्हणाली.

"बरोबर आहे. पण माझ्या हाताने नको, तुम्हीच काढा. पासवर्डही बदला. म्हणजे मनात काही राहायला नको." कुठे जायचं, काय दाबायचं, ते त्याने नीट दाखवलं. तेवढ्यात काट्यावरून कुणीतरी त्याच्या नावाने हाक मारली. तो उठला. "आईंना माझा नमस्कार सांगा," म्हणाला, आणि ट्रकांच्या रांगेत दिसेनासा झाला.

संध्याकाळी प्रमिलाबाईंनी दिवा लावला आणि सवयीने विचारलं, "फोन उना का?"

रश्मीने फोन त्यांच्या हातात ठेवला. आईने तो व्हिडिओ लावला. आप्पा ताठ उभे राहिले. 'निंघना का?' झालं, तशी रश्मी आईच्या पायाशी बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. दुरुस्ती खोटी, बटणं तिनेच दाबली, सगळं तिनेच घालवलं होतं.

आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे. उना ना परत तुना बाप." मग पदराने फोनची काच पुसत विचारलं, "कोनी आनी दिना?"

"एक जण आहे. आप्पांनी फोन घेतला त्या दुकानातला."

"मंग त्याले संक्रांतले जेवाले बलाव. असा कसा कोरडा धाडना?"

रश्मी आपल्या फोनवर खात्याचं ते पान उघडून बसली होती. समोर योगेंद्रचा जुना नंबर होता, शेजारी तो काढायची खूण होती. तिने बोट वर धरलं. पुढे काय केलं ते तिने आईला सांगितलं नाही, तर मी आधी कशाला सांगू? मात्र थोड्या वेळाने तिने त्याच नंबरावर फोन लावला.

"रिचार्ज करा म्हणून सांगायला फोन केलाय," ती म्हणाली.

पलीकडे काहीतरी धडपडल्याचा आवाज आला. "केलंय... कालच."

"आई जेवायला बोलावतेय. संक्रांतीला. भरीत आणि कळण्याची भाकरी."

"आई बोलावतेय?"

"हो. सध्या आईच बोलावतेय."

संक्रांतीला तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फिरकी आणि पोंकाची पुडी. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण सुरतेत राहून हुरडा म्हणायची सोय नाही. प्रमिलाबाईंनी त्याच्याकडून आप्पांचे सगळे फोटो पुन्हा एकदा दाखवून घेतले, प्रत्येक फोटोची गोष्ट सांगितली, आणि भाकऱ्या थापायला बसताना दोघांना वर पिटाळलं, "जा, पतंग उडाडा."

डिंडोलीच्या गच्च्यांवर माणसं मावत नव्हती. योगेंद्रने पतंग चढवला, रश्मीने फिरकी धरली. पतंग चांगला उंच गेला, तेव्हा वर बघतच तो म्हणाला, "नंबर काढलात?"

"नाही."

"राहिला असेल गडबडीत. सोपं आहे, परत दाखवतो..."

"मला येतं ते. दिवसभर कॉम्प्युटरवर काम करते मी."

"मग?"

"काढायचा नव्हता म्हणून नाही काढला."

त्याच्या हातातली दोरी सैल पडली. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी ती संधी साधली, त्याचा पतंग कटला आणि डुलत डुलत गेला. तिकडे आरडाओरडा झाला. याने वर बघितलंसुद्धा नाही.

"आपला पतंग गेला," रश्मी म्हणाली.

"जाऊ दे. तुम्ही काय म्हणत होता?"

"हेच की... आईचं सगळं त्या फोनमध्ये आहे. ती काहीतरी विसरणार, मी परत कुठलं तरी बटण दाबणार." तिने फिरकीची सुटलेली दोरी गुंडाळायला घेतली, म्हणजे वर बघायला नको. "प्रत्येक वेळी चलथाणपर्यंत कोण येणार? माणूस जवळ असलेला बरा."

"किती जवळ?" त्याने अगदी हळू विचारलं.

दोरी गुंडाळून संपली होती. आता वर बघण्यावाचून इलाज नव्हता. तिने बघितलं, सरळ त्याच्या डोळ्यांत.

"एकाच घरात असलं, तर कोड लगेच कळतो," रश्मी म्हणाली.