रिकाम्या म्हशीचं दूध

अकोल्याच्या प्रयोगशाळेत आमचं काम साधं होतं. कार्बनच्या पट्टीवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवायचे, वर दुधाचा थेंब सोडायचा आणि विजेच्या प्रवाहात पडणाऱ्या फरकावरून प्रोजेस्टेरॉन मोजायचं. गाभण जनावराच्या दुधात हे संप्रेरक चढलेलंच राहतं. २०१५चा दुष्काळ होता. कोणतं जनावर ठेवावं हे लोकांना लवकर कळायला हवं होतं.

मूर्तिजापूरजवळ राहणाऱ्या मैनामावशीच्या म्हशीचं दूध मी दर पंधरवड्याला आणत असे. त्या म्हशीची वगार एप्रिलमध्ये मेली. मेमध्ये पुन्हा रेतन केलं. आकडा चढला आणि चढलेलाच राहिला. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी हात घालून तपासलं. रिकामी. सातव्या महिन्यातही तेच.

"इकून टाकतो," मावशीचे यजमान किसनकाका म्हणाले. "कुटार-चारा नाई घरात, अन् हिले पोसून राहिलो."

"पोरी, तुयं मशीन काय म्हणते?" मावशीनं मला विचारलं.

"आकडा गाभण म्हशीचा आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या. शिकेल-सवरेल पोरगी हाये."

"हो! डॉक्टरचा हात खोटा, अन् इचा थेंब खरा!" काका म्हणाले. तरी मार्चपर्यंत थांबले.

शंका मलाही होती. तिकडचं पाणी खारं. मिठानं सोन्याचे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचं लाल द्रावण निळं पडतं आणि आकडा चुकतो. माझं लालच होतं. पट्ट्या नव्यानं केल्या. त्याच पाण्यावरच्या शेजारच्या रिकाम्या म्हशीचं दूध तपासलं. तिचा आकडा जवळजवळ शून्य. मग या शंकेबद्दल मी मावशीला काहीच सांगितलं नाही. ती माझ्या आकड्यावर थांबून राहिली.

तीनशे नवव्या दिवशी आकडा कोसळला. विण्याआधी तो असाच कोसळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले. म्हैस जमीन चाटत होती. कोरडी जमीन, एकच जागा. रक्त नव्हतं, वार पडलेली नव्हती.

बादलीतलं दूध पिवळं, घट्ट होतं. चीक.

"तीनच सड पिळले," मावशी म्हणाली. "चौथा त्याचा."

मी नमुन्यासाठी चौथा सड पिळला. रिकामा होता. आणि ओला.

काका व्यापारी वाहेदभाईंना घेऊन आले. वाहेदभाईंनी वाकून कास पाहिली.

"अभी पिला के हटाया ना? बच्चा किधर है, भाऊ?"

"झालंच नाई," काका म्हणाले.

म्हैस वाहेदभाईंच्या गाडीच्या फळीवर पाय ठेवीना. मावशीनं तिच्या कपाळावर हात ठेवला. "जा, माय."

म्हैस मागं वळून थांबली. बराच वेळ. मग आपणहून चढली आणि कडेला, बाजूची जागा सोडून उभी राहिली.

वाहेदभाई चाळीस वर्षं या धंद्यात. त्यांनी मागचा फाळका लावला, हळूहळू, खाली बघत. लहानसा खूर अडकू नये म्हणून लावतात तसा.