माझ्याकडे एक

हे घडलेलं आहे. ज्यांना पटायचं नाही त्यांनी इथेच थांबावं, अक्कांची काही हरकत नाही. कुणाला काही पटवून द्यायला जाणं त्यांनी आयुष्यभर कमीपणाचं मानलं.

आणि यात रात्र शोधू नका.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना काळोख लागतो. कुत्रं रडावं लागतं, दिवे जावे लागतात. इथे तसलं काही नव्हतं. सुट्टीचा तिसरा दिवस. वेळ दुपारी सव्वादोनची. ऊन असं लख्ख की तळ्याच्या पाण्याकडे बघवत नव्हतं. जागा म्हणजे तळ्याकाठचं भाड्याचं घर. खाली स्वयंपाकघर आणि व्हरांडा, वर दोन खोल्या, मधे लाकडी जिना.

एवढ्या उजेडात ते झालं.

अक्का म्हणजे प्रसूती विभागातल्या निवृत्त मोठ्या सिस्टर. एकतीस वर्षं नोकरी. हजारो बाळं हाताखालून गेली, एकाचीही अदलाबदल नाही. मनगटावरचा पट्टा त्या नंतर वाचत. आधी कान बघत.

"तोंडं काय, सगळ्यांची बटाट्यासारखी," त्या नव्या नर्सना सांगत. "कान बघा. कान खोटं बोलत नाही."

त्यांचा धाकटा भाऊ जमिनी मोजायचा. भावजय शाळेत गणित शिकवायची, म्हणून अक्का तिला मास्तरीणबाई म्हणत, आणि त्यात कौतुक नसे. या दोघांना जुळ्या मुली. दोन वर्षांच्या, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. एक चिमणी, दुसरी साळुंकी. घरात चिमी आणि साळू. दिवसभर किलबिल, दिवसभर सांडलवंड. फरक एकच होता. चिमीच्या उजव्या कानाची कड जरा दुमडलेली होती, पुस्तकाचं पान खुणेला मुडपावं तशी. साळूचे दोन्ही कान सरळ.

हा फरक अक्कांना पहिल्या दिवशी दिसला होता. आईबापांना सांगावा लागला.

"एक जमिनी मोजतो, एक गणित शिकवते," अक्का म्हणत, "आणि दोघांना मिळून दोन मुली मोजता येत नाहीत."

मोजण्याची त्यांची पद्धत तरी बघा. दर पाच-दहा मिनिटांनी घरात कुणीतरी ओरडायचं, "माझ्याकडे एक!" दुसऱ्या खोलीतून उत्तर यायचं, "माझ्याकडे एक!" एक आणि एक दोन. झालं. दोघं पुन्हा आपापल्या कामाला. कोणती कुणाकडे, हे विचारायचं नाही. बघायला जायचं नाही.

"वॉर्डात डोकी मोजतात, आवाज नाही," अक्का म्हणाल्या.

"अक्का, घराचा वॉर्ड नको ना करूस," धाकटा हसला. "तूही ओरडत जा. तिघं झालो की सोपं."

"मी? कोंबड्या हाकायला आले नाही मी."

त्या शेवटपर्यंत ओरडल्या नाहीत. हे लक्षात ठेवा. चूक इथे झाली, आणि ती त्या दोघांची नव्हती.

सुट्टी म्हणजे काय, तर आपलंच घर उचलून दुसरीकडे नेऊन मांडणं. सात पिशव्या, दोन गाद्या, एक बाथटब. चार दिवसांच्या आरामासाठी दोन दिवसांची हमाली. गाडीतून उतरताना मास्तरीणबाईंच्या केसांत बिस्किटाचा चुरा होता आणि धाकट्याच्या सदऱ्यावर कुणाची तरी उलटी.

किल्ली द्यायला राखणदार आला. वाळलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने जुळ्यांकडे पाहिलं. मग अक्कांकडे.

"दोनच ना?"

"दिसत नाही का?" अक्का म्हणाल्या.

"दिसतायत," तो म्हणाला. "दोन सारख्या दिसतायत, म्हणून विचारलं."

किल्ली ठेवून तो गेला. अक्कांनी त्याला तिथल्या तिथे मूर्खांच्या यादीत टाकलं.

पहिल्या संध्याकाळी मोरीत दुधाचे तीन पेले होते.

तिन्ही छोटे. तिन्हींच्या तळाशी दुधाचा थेंब.

"मास्तरीणबाई, मुली दोन आणि पेले तीन?"

"अगबाई. मला वाटलं तिसरा तुम्ही दिलात."

अक्कांनी दिला नव्हता. पण त्यांनी मान उडवली आणि पेले विसळले. या घरात कोण काय कधी करेल याचा नेम नव्हता.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाली. दोन्ही मुली टॉवेलात गुंडाळून व्हरांड्यात उन्हाला बसवलेल्या. अक्का जिना पुसायला गेल्या...

पायऱ्यांवर ओली पावलं होती.

इवलीशी. वर जाणारी.

खाली येणारी नव्हती.

"ओल्या अंगाने पोरींना वर सोडतेस?" अक्का कडाडल्या.

"मी कुठे सोडलं? ह्यांनी सोडलं असेल."

"मी? मी तर दाढी करत होतो."

दोघांनी एकमेकांवर ढकललं आणि अक्कांनी दोघांवर. पावलं त्यांनी स्वतः पुसली. पुसताना एक गोष्ट जाणवली होती, ती त्यांनी झटकून टाकली. पाणी गार नव्हतं. आंघोळीच्या पाण्यासारखंच कोमट होतं.

असंच दोनदा-तीनदा झालं. अक्कांजवळ एक मुलगी खेळत असायची, आणि तेवढ्यात खालून "माझ्याकडे एक!" आणि बाहेरूनही "माझ्याकडे एक!" अक्का मनात म्हणायच्या, यातलं एक आळशी आहे. न बघता ओरडतंय.

कोण आळशी, एवढाच प्रश्न त्यांना पडला.

मग तो तिसरा दिवस.

दुपारी जेवणं झाली. अक्का वर पलंगावर आडव्या झाल्या. कुशीत चिमी. ती आपल्या पायांनी जिना चढून आली होती, आपणहून पलंगाला हात लावून उभी राहिली होती. पिवळा झगा, गालाला केळं चिकटलेलं. अक्कांनी तिला वर ओढून घेतलं आणि थोपटायला लागल्या. जिभेपेक्षा त्यांचा गळा मऊ होता. वॉर्डातल्या बायकांनाही त्याचं नवल वाटायचं.

*नीज नीज चिमणाबाई, ऊन उंबऱ्यात थांबलं*
*सावलीचं बोट लांबलं, तुझ्यासाठी*

पोरीचे डोळे मिटले. श्वास संथ झाला.

पण तिचा एक हात अक्कांच्या दंडावर होता...

आणि तो हात थोपटत होता.

त्याच तालावर. झोपेत.

अक्कांना हसू आलं. तेवढ्यात खालून, स्वयंपाकघरातून, मास्तरीणबाईंची हाक.

"माझ्याकडे एक!"

व्हरांड्यातून धाकट्याचा पेंगुळलेला आवाज.

"माझ्याकडे एक!"

मूर्ख, अक्का मनात म्हणाल्या. एकाच पोरीला दोघं मोजतायत. आज पुराव्यानिशी पकडते. चिमीला उशीचा आडोसा लावून त्या खाली उतरल्या.

स्वयंपाकघरात मास्तरीणबाई ओट्याशी उभ्या. कडेवर मुलगी. पिवळा झगा.

व्हरांड्यात धाकटा आरामखुर्चीत. छातीवर मुलगी, तोंड उघडं टाकून झोपलेली. पिवळा झगा.

दोन.

अक्का जिन्यापाशी उभ्या राहिल्या. वर बघितलं. जिना रिकामा होता.

घरात कसलाच आवाज नव्हता. नळ नाही, पाखरू नाही. तळ्यावरचा वारासुद्धा पडलेला.

भ्यायच्या त्या नव्हत्या. आधी खात्री. व्हरांड्यात जाऊन त्यांनी पोरीचे केस बाजूला केले. कान सरळ. साळू.

स्वयंपाकघरात आल्या. कडेवरचीचा उजवा कान बघितला.

दुमडलेला. चिमी.

"काय झालं अक्का?"

"काही नाही. कान साफ करायला झालेत हिचे."

मग त्या वर गेल्या. एकतीस वर्षांत इतक्या हळू त्या कुठल्याच पलंगाकडे गेल्या नव्हत्या. पोर तशीच कुशीवर होती. अक्कांनी बोटाने बट सारली...

उजवा कान.

दुमडलेला. तीच घडी. तेवढीच.

भुताचे हात गार असतात म्हणे. सावली पडत नाही म्हणे. असलं सांगणाऱ्यांनी कधी कुणाचं मनगट हातात धरलेलं नसतं. अक्कांनी धरलं. नाडी होती. जलद, बारीक, दोन वर्षांच्या मुलाची असते तशी. हात उबदार. तोंडाला केळ्याचा वास. खाली जाऊन काहीतरी निमित्त काढून त्यांनी कडेवरचीचंही मनगट धरलं. तीच नाडी. तीच ऊब.

साळू एक होती.

चिम्या दोन होत्या.

आणि त्यातली कोणती आपली, हे जगात कुणाला सांगता येण्यासारखं असेल तर ते अक्कांनाच. त्यांना सांगता येत नव्हतं.

त्यांनी तोंड उघडलं. धाकट्याला उठवावं, सांगावं. मग डोळ्यापुढे आलं त्याचं हसणं. अक्का, तीन? वॉर्डातल्या सिस्टर, आणि दोन मुली मोजता येत नाहीत? मास्तरीणबाईंनी पदराआड दाबलेलं हसू.

तोंड मिटलं.

"सामान भरा," त्या म्हणाल्या. "निघायचंय. आत्ता."

"आत्ता? अगं, उद्याचा दिवस आहे ना अजून!"

"या घरात साथीचा वास येतोय मला. वाद नको."

वॉर्डातला आवाज होता तो. त्या आवाजाला डॉक्टरही उठत. दोघं कुरकुरत उठले. "लहर फिरली बघ," धाकटा बायकोला म्हणाला. अक्कांनी ऐकलं. पिशव्या हलायला लागल्या. साळूला त्याने गाडीत बसवलं. मास्तरीणबाई कडेवरचीला खाली ठेवायला तयार नव्हत्या, ती मानेला मिठी मारून बसली होती.

अक्का पर्स आणायला वर गेल्या.

पलंगावरची जागी झाली होती. उठून बसली होती. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ.

तिने दोन्ही हात वर केले.

"मी पण," ती म्हणाली.

चिमीचाच आवाज. पण हे शब्द चिमी अजून बोलायला लागली नव्हती... की लागली होती? अक्कांना आठवेना. त्यांनी कधी नीट ऐकलं होतं का?

तिन्ही न्याव्यात? आपल्या दोन पोरींच्या मधे ते तिसरं बसवायचं, घरी नेऊन त्याच पांघरुणात घालायचं? आणि एकच न्यायची, तर खाली जाऊन आईच्या कडेवरची ओढून काढायची, ही दुसरी हातात द्यायची, आणि सांगायचं काय?

खालून हॉर्न वाजला.

"अक्का! चल ना!"

"मी पण," पोर म्हणाली. हात वरच.

अक्कांनी पर्स उचलली. बाहेर आल्या. दार ओढलं.

कडी घातली.

त्या दाराशी थांबल्या. रडू येण्याची वाट बघत. एक मिनिट की दोन, त्यांना सांगता येत नाही.

आतून रडू आलं नाही.

गाडीत मागच्या सीटवर दोन मुली होत्या. "माझ्याकडे दोन!" मास्तरीणबाई हसून म्हणाल्या. धाकटाही हसला. अक्का खिडकीबाहेर बघत राहिल्या.

आठवड्याने त्यांनी राखणदाराला फोन केला. वरची खोली उघडली का, विचारलं.

"त्याच संध्याकाळी," तो म्हणाला. "कडी बाहेरून होती. कुणी का घातली?"

"आत काय होतं?"

"पलंग होता, बाई. दुसरं काय असणार?" मग आठवून तो म्हणाला, "खिडकी उघडी होती."

खिडकीखाली तळं आहे.

त्यानंतर एकदा अक्का एकट्या तिथे जाऊन आल्या. भर दुपारी. घराला कुलूप होतं. त्या खिडकीखाली, पाण्याच्या काठाला अक्का उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली, "चिमी..." मग पुन्हा. मग एकदा, कुणी ऐकत नाही असं बघून, अंगाई म्हटली, अर्धीच.

उत्तर आलं नाही. उत्तर न येणं चांगलं की वाईट, हे त्यांना आजही ठरवता येत नाही.

चिमी आता चार वर्षांची आहे. गुटगुटीत आहे. हट्ट करत नाही, जेवायला त्रास देत नाही. आईबाप खूश. अक्का आल्या की तेवढी आईच्या मागे जाऊन उभी राहते. मुलं असं करतात. त्यात काही नाही.

खरं मूल असतं तर त्या दाराआड रडलं असतं, असं अक्का स्वतःला सांगतात. दर दुपारी सांगतात.

पण एकतीस वर्षं त्यांनी मुलं पाहिली आहेत. फार घाबरलेलं मूल रडत नाही, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नाही.