आठवी माळ

एप्रिलचा महिना होता. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं, आणि ग्रंथी संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत डॉ. ऋतुजा केंद्रे लोकरीचा स्वेटर घालून बसल्या होत्या. याचं तिथं आता कुणाला नवल राहिलं नव्हतं. केंद्राचे प्रमुख डॉ. ओंकार टिपणीस त्यांना थट्टेनं 'आमच्या काश्मीरच्या बाई' म्हणायचे. ऋतुजाबाई हसायच्या आणि वातानुकूलन यंत्राला दोष द्यायच्या. यंत्रं बिचारी उलटून बोलत नाहीत, म्हणून त्यांच्यावर काहीही ढकलता येतं.

समोर दोन बायका बसल्या होत्या. थोरली वैष्णवी नागरगोजे, चाळिशी ओलांडलेली, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेली. धाकटी तिची जाऊ श्रेया, पस्तिशीची, डोळ्यांखाली सूज, भुवयांचे केस विरळ झालेले. दोघी येळवंडीहून आल्या होत्या. ऋतुजाबाईंचं माहेरही येळवंडीचंच, त्यामुळे वैष्णवीनं हुद्द्याची भीड ठेवली नाही.

"केंद्रे गुरुजींची ना तू? मग तुला सांगायला लाज नाही. ही अशी नव्हती गं. आमच्या घरात आली तवा वारं प्यालेल्या वासरावानी हिंडायची. भाकरी थापता थापता गाणं, आन गाणं म्हणता म्हणता भांडण. आमचा सासरा म्हणायचा, हिला जरा बूच लावा कुणीतरी. चार वर्षं झाली, हिचा आवाज ऐकला नाही मी."

"घरचे काय म्हणतात?"

"घरचे खूश हायेत. सुधारली म्हणतात. येळवंडीची झाली म्हणतात." वैष्णवी थांबली. "मला नाही करमत. घर कसं मेल्यावानी झालंय."

श्रेयाला बोलायला वेळ लागला. आवाज घोगरा होता. "परवा दूध उतू गेलं. मी चुलीसमोरच उभी होते. दिसत होतं मला. हात पुढं गेला नाही."

ऋतुजाबाईंनी तिच्या गळ्याजवळच्या हाडावर वाचक, म्हणजे तपासणीचं हातयंत्र, टेकवला. त्वचेखाली तांदळाच्या दाण्याएवढा ग्रंथीपाल बसवलेला होता. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: सुस्थित. मग त्यांनी नाडी पाहिली; ती फार सावकाश होती. टाचेच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल उडालं, पण परत जागेवर यायला त्यानं चांगली सवड घेतली. ग्रंथीपाल काहीही म्हणो, हे पाऊल खोटं बोलत नव्हतं. हिला असंच ठेवलं तर येत्या एखाद्या थंडीत ही झोपेतून उठणारही नाही, हे ऋतुजाबाईंना कळत होतं.

त्या वाचक तसाच हातात घेऊन टिपणीसांच्या खोलीत गेल्या.

"यंत्र बरोबर आहे," टिपणीस म्हणाले. "ऋतुजा, जुना अन्याय विसरू नकोस. माझ्या आईनं बारा वर्षं सांगितलं, मला बरं वाटत नाही. बारा वर्षं तिला एकच उत्तर मिळालं, तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे. का? कारण तेव्हा मोजायचे ती पीयूषिकेची हाक."

पीयूषिका म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी. गळ्यातली अवटू ग्रंथी, जिला सगळे थायरॉइड म्हणतात, कामात कमी पडली की पीयूषिका तिला हाका मारते. हाक शांत झाली की डॉक्टर समजायचे, रोग्याला औषध पुरतंय.

"पण पीयूषिकेला मिळालं म्हणजे हृदयाला, मेंदूला, स्नायूंना मिळालं असं नाही," टिपणीस पुढे म्हणाले. "पाटलाला विचारायचं, गाव जेवलं का? पाटील ढेकर देऊन सांगणार, जेवलं. म्हणून आपण पाटलाला विचारणंच सोडून दिलं. ग्रंथीपाल थेट घरोघर जाऊन चुली बघतो. ऊतींमध्ये प्रत्यक्ष किती संप्रेरक पोचलं ते मोजतो आणि कमी पडलं तर सोडतो."

"आणि किती म्हणजे पुरेसं, ते स्वस्थबिंदू ठरवतो."

"अर्थात. प्रत्येकाची पातळी जन्मतः वेगळी. दहा लाख लोकांची सरासरी काढून ती आईच्या गळ्यात बांधली, हा दुसरा अन्याय. त्यामुळे ग्रंथी धडधाकट असतानाच ज्याची त्याची पातळी मोजून ठेवायची. ग्रंथी गेली की यंत्र त्याच बिंदूवर माणसाला धरून ठेवतं. यात चूक काय आहे, सांग."

चूक काहीच नव्हती. येळवंडीच्या पट्ट्यात खाणींमुळे पाण्यात एक क्षार उतरला होता, आणि ऐन तरुणपणीच बायकांच्या अवटू ग्रंथी विझत होत्या. तिथं ग्रंथीपाल आला नसता तर गाव अंथरुणाला खिळलं असतं. ऋतुजाबाईंच्या गळ्याजवळही तो दाणा होताच.

"मग हिचा बिंदू चार वर्षांपूर्वी खाली का आणला?" ऋतुजाबाईंनी वाचकाच्या पडद्यावरची तारीख दाखवली.

टिपणीसांनी नोंद उघडली. "वार्षिक आढाव्यात आलं. हिचा बिंदू येळवंडीच्या परिसरमानाच्या, म्हणजे गावच्या बायकांच्या सरासरीच्या, जवळजवळ दुप्पट होता. घरच्यांचीही तक्रार होती, फार चंचल आहे, झोपत नाही, भांडते. मोजमाप हिच्या माहेरी झालं होतं, लग्नाआधी, परभणीकडे. ते चुकलं असणार. मीच सही केली." मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तूच सांग, एका गावच्या सगळ्या बायका चुकीच्या आणि ही एकटी बरोबर, असं कसं होईल?"

ऋतुजाबाईंना यावर उत्तर सुचलं नाही. त्यांना उत्तरं उशिराच सुचायची. वैद्यकीय महाविद्यालयात एकेक पान तीनतीनदा वाचून त्यांनी पदवी काढली होती. हुशारी बेताची, चिकाटी दांडगी, असं स्वतःबद्दलचं मत त्यांनी कधीच पक्कं करून टाकलं होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. बाकीचे रोगी सावलीची बाकं धरून वारा घेत होते. वैष्णवी आणि श्रेया बरोबर त्या उन्हात बसल्या होत्या. ऋतुजाबाई गेल्या आणि त्याही उन्हातच टेकल्या. ऊन पाठीला बरं वाटलं. बरं वाटलं हे लक्षात आलं, आणि त्या दचकल्या. एप्रिलच्या उन्हात तीन बायका शेकत बसल्या होत्या, आणि तिघींपैकी एकीलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

"वैष्णवीताई, गावात अजून कुणाला अशी थंडी वाजते?"

"सगळ्यांनाच. आपल्याकडच्या बायका थंडच की. म्हणून तर मागणी असते. येळवंडीची सून करावी, आवाज चढत नाही, असं म्हणत्यात ना लोक."

"पुरुषांना?"

"त्यांना कशाला वाजंल?"

"तुमचं मोजमाप कधी झालं होतं?"

वैष्णवीनं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. "तुझ्यासंगटच की. देवीच्या देवळात, आठव्या माळेला. गाडी नव्हती का आली? सगळ्या बायका एका जागी गावतात, म्हणून नवरात्रातच ठेवलं होतं. त्यांना रगत उपाशीपोटी पायजे होतं. आपल्या तर पोटात आठ दिवस काहीच नव्हतं. ते साहेब म्हणले, असं शिस्तीचं गाव बघितलं नाही."

येळवंडीचा नवरात्राचा उपास साबुदाण्याचा नव्हता. तो लवंगेवरचा उपास होता. सकाळी एक लवंग, दिवसभर पाणी, दिवेलागणीला अर्धी वाटी दूध. न्हाणं आलेल्या मुलीपासून म्हातारीपर्यंत सगळ्या करायच्या. पंचक्रोशीत असा कडक उपास कुणी करत नाही, याचा गावाला अभिमान होता. पुरुष घटाला फुलांची माळ चढवायचे आणि जेवायचे.

ऋतुजाबाईंच्या जिभेवर लवंगेची चव आली. सोळाव्या वर्षी रांगेत उभं असताना गालात धरलेली ती लवंग, दंडाला बांधलेली रबराची नळी, आणि सुई बघून आलेली भोवळ. आई म्हणाली होती, बस खाली, उद्याचा दिवस, मग पारणंच आहे.

पुढचं त्यांनी विद्यार्थ्यांना कैक वेळा शिकवलं होतं. माणूस उपाशी राहिला की दोन-चार दिवसांत शरीर शहाणपण करतं. संप्रेरक क्रियाशील रूपात आणणं कमी करतं. तेल संपत आलं की घरची बाई दिव्याची वात बारीक करते, तसं. नाडी मंदावते, अंग गार पडतं, मन कशातच पुढं होत नाही. त्यात रोग काही नसतो. पोटात अन्न पडलं की वात पुन्हा मोठी होते.

आठव्या माळेला वात अगदी बारीक होती. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी येऊन लिहून घेतलं होतं की या बाईचा उजेड एवढाच.

दसऱ्याला सगळ्याजणी पुरणपोळी खाऊन उठल्या. काही महिने हसल्या, धावल्या. मग एकेकीची ग्रंथी विझली, ग्रंथीपाल बसला, आणि त्यानं इमानेइतबारे प्रत्येकीला पुन्हा आठव्या माळेला नेऊन बसवलं. अंगात अन्न जात होतं, पण शरीराला ते कुणी कळू दिलं नाही. गावाचं पारणं झालंच नव्हतं.

हे त्यांनी सांगितल्यावर टिपणीसांनी येळवंडीच्या मोजमापांच्या तारखा काढून पाहिल्या. मग म्हणाले, "असं असेल तर पीयूषिका ओरडत असेल."

"असेलच. बसवल्या दिवसापासून."

टिपणीसांनी वैष्णवीचं रक्त घेतलं, जुन्या पद्धतीची चाचणी स्वतः लावली. ती कशी लावतात हे केंद्रात आता त्यांनाच ठाऊक होतं. आकडा आला तो इतका मोठा होता की त्यांनी चाचणी पुन्हा लावली. आकडा तोच आला.

"या वेळी पाटील खरं बोलत होता," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आईसाठी म्हणून केलं होतं मी हे सगळं."

ऋतुजाबाईंना त्यांचा राग आला आणि कीवही आली, पण या दोन्हींपेक्षा जास्त त्यांना थकल्यासारखं वाटलं. व्हरांड्यात वैष्णवीला समजेल अशा शब्दांत सगळं सांगून झालं, तेव्हा तिनं एकच विचारलं.

"माझी दोन पोटातच गेली. पाण्यानं गेली म्हणले होते."

ऋतुजाबाईंनी तिचा हात धरला. दोघींचे हात सारखेच गार होते. खोटं बोलणं सोपं होतं, पण त्यांनी सांगितलं, "पाण्यानं नसतील गेली, ताई."

श्रेयाचा मूळ बिंदू त्याच दिवसापासून परत लावायला घेतला. मंदावलेल्या हृदयावर एकदम भार नको म्हणून पायरीपायरीनं. दोन महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या, तेव्हा आधी आवाज आला आणि मग माणूस दिसलं. श्रेया रखवालदाराशी चपलांच्या जागेवरून भांडत जिना चढत होती. चेहऱ्याची सूज उतरली होती. तिनं खुर्ची ओढली, खिडकी उघडली, स्वेटरकडे बोट दाखवून विचारलं, "अजून घालता हे?" वैष्णवी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती.

"तुमचं घर परत वाजायला लागलं म्हणायचं," ऋतुजाबाई म्हणाल्या.

"सासरा परत बूच शोधतोय," वैष्णवी म्हणाली. मग तिनं पदर सारखा केला. "आता माझं कर. माझा बी खरा बिंदू लाव."

या प्रश्नाची ऋतुजाबाई दोन महिने वाट बघत होत्या आणि दोन महिने तो टाळत होत्या.

"ताई, श्रेयाचा बिंदू परभणीला लिहून ठेवला होता. तुमचा कुठंच नाही. ग्रंथी जिवंत असतानाच तो मोजता येतो. तुमची गेली, माझीही गेली. गावातल्या कुणाचाच आता कधी कळणार नाही."

"दुसऱ्या गावच्या बायकांचा लाव."

"तेच तर आजवर चुकत आलं. एकीचं माप दुसरीला बसत नाही. जास्त झालं तर काळीज धडधडून जाईल."

"मग?"

"थोडं थोडं वाढवत जाऊ. दर पंधरा दिवसांनी मी विचारेन, बरं वाटतं का? तुम्ही हो म्हणाल तिथं थांबायचं. दुसरा उपाय नाही. यंत्राला यातलं काही कळत नाही, ते तुम्हालाच कळणार."

वैष्णवीनं बराच विचार केला. तिला घाई जमतच नव्हती.

"पर बरं म्हंजी कसं वाटाया पायजे?" तिनं विचारलं. "मी एकोणीस वर्षांची होते गं. आता नाही आठवत."

ऋतुजाबाईंनी तोंड उघडलं. पुस्तकातली लक्षणं त्यांना पाठ होती. पण ती सगळी दुखण्याची लक्षणं होती. बरं असण्याचं पान त्या पुस्तकात नव्हतं, आणि त्या स्वतः तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. त्यांनाही आठवेना. आपण खरंच बेताच्या हुशारीच्या होतो का, हेही आता कुणी सांगू शकणार नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

दोघी श्रेयाकडे वळल्या. खोलीत ते माहीत असलेली ती एकटीच बाई होती.

श्रेया पहिल्यांदाच जरा अडखळली. "आता कसं सांगू," ती म्हणाली. "सकाळी डोळे उघडले की पांघरुणाची आठवण येत नाही. काय करायचंय ते आठवतं. दूध वर यायला लागलं की डोक्यात येण्याआधी हात पोचलेला असतो. कुणी टाकून बोललं तर उत्तर तिथंच सापडतं, रात्री अंथरुणात नाही. आणि उगाच काही कारण नसताना वाटतं की आज काहीतरी चांगलं होणार."

नवव्या माळेला येळवंडीच्या बायका देवळाच्या पायरीवर बसून उद्याच्या जेवणाचं बोलायच्या. कुणाकडे कटाची आमटी, कुणाकडे पुरण किती मऊ. उपाशीपोटी ते ऐकायला फार गोड लागायचं.

"अजून सांग," वैष्णवी म्हणाली.

ऋतुजाबाईंनी खुर्ची जवळ ओढली. बाहेर रोगी ताटकळत होते. "हो," त्या म्हणाल्या, "अजून सांग."